बर्फावर हात उगारू नये

१

हिवाळ्यात माझा दिवस किटलीपासून सुरू होतो. चुलीवरची लोखंडी किटली खदखदली की ती उचलायची, मागच्या दाराने परसात जायचं आणि गोठलेल्या तळ्यावर ती अलगद टेकवून शेजारी उकिडवं बसायचं. बुडाच्या धगीने बर्फ विरघळत जातो, किटली खाली खाली जाते. आरपार भोक पडलं की दांडी धरून ती वर ओढायची. मागे पातेल्याच्या तोंडाएवढं काळं पाणी राहतं. तळाशी निजलेल्या कोई माशांना हिवाळाभर हवा मिळते ती तेवढ्यातूनच. दुसऱ्या दिवशी भोक पुन्हा गोठलेलं असतं आणि मी पुन्हा किटली घेऊन हजर असतो.

घाई झालेली माणसं पहारीने बर्फ फोडतात. आमच्या गावात तसं करणाऱ्याला कोणी पोरगी देणार नाही. थंडीत कोई तळाला लागून मेल्यासारखा पडून असतो, खात नाही, हलत नाही. वरून घाव घातला की हादरा पाण्यातून थेट त्याच्या मस्तकात जातो आणि एका ठोक्यात सगळं तळं पोट वर करून तरंगायला लागतं. बर्फावर हात उगारू नये, असं माझे वडील सांगायचे. आईवर उगारायचे, बर्फावर कधी नाही.

बाकी चोर सांभाळायचे. राखी बगळ्यासाठी तळ्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणायच्या, म्हणजे त्याला उतरायला जागा मिळत नाही. कोल्ह्यासाठी काठाला बांबूचं कुंपण. आणि एका कोपऱ्यात भाताच्या पेंढ्यांच्या जुड्या पाण्यात उभ्या खोचून ठेवायच्या, माशांना आडोसा म्हणून. उन्हाळाभर हे मासे मोरीच्या पाटातून जाणारं आमचं उष्टं खाऊन पोसतात, आणि हिवाळ्यात आम्ही त्यांना खातो. दोघांचंही चांगलं चाललेलं असतं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा इवाओ दर हिवाळ्यात गावच्या इतर पुरुषांसारखा तोक्योला रस्ते खणायला जातो. त्या वर्षी तो गेला तेव्हा घरात मी आणि माझी सून मित्सुए असे दोघेच उरलो, आणि मित्सुएचे दिवस भरत आले होते. ती बंदरातल्या कोळ्याची पोर. आमच्या डोंगरात येऊन तिला दोन पावसाळे झाले नव्हते, पण जिभेला हाड नाही.

"बाबा, याला तुम्ही तळं म्हणता?" मी किटलीशेजारी बसलो की ती मागच्या दारातून विचारायची. "आमच्याकडे याला बादली म्हणतात."

"या बादलीतलाच रस्सा पिशील तेव्हा नाव ठेव."

कारण ते सगळं राखणं तिच्यासाठीच होतं. बाळंतिणीला कोईचा मिसोतला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, रस्सा दिला की दूध उतरतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तळात एक जुनी मादी होती, माझ्या हातापेक्षा लांब, पाठ काळीभोर. ती मी याच कामासाठी ठेवली होती. हिमाने घाटातला रस्ता बंद झाला की गावात दुधाची पावडर येत नाही, डॉक्टर येत नाही. अशा वेळी तळं जिवंत असलं तर पोर जिवंत राहतं. मी बगळ्याला शिव्या घालत होतो त्या पोटातल्या पोरासाठी.

२

पोरगी झाली. शेजारच्या शिमेताईने बाळंतपण केलं. तिची आई गावची सुईण होती, आणि स्वतः ती ऐंशीला टेकली तरी तिचे हात कापत नाहीत. पोरीचं नाव सायो ठेवलं. आवाज असा की छपरावरचं हिम खाली यावं. थोडा घोगरा, आणि दर किंकाळीच्या शेवटी एक उचकी.

दूध मात्र उतरेना. भाताच्या पेजेवर पोर किती तगणार? ती रडायची, दमून गप्प व्हायची, पुन्हा रडायची. मित्सुएची थट्टा बंद झाली. ती नुसती पोरीला छातीला लावून बसायची आणि पोर रिकामं ओढून ओढून चिडायची. मला ते बघवत नव्हतं. दारातून बाहेर बघितलं तर घाटावर ढगांखेरीज काही दिसत नव्हतं.

"आता कशाची वाट बघतोस?" शिमेताई म्हणाली. "काढ ती म्हातारी."

मी किटलीने मोठं भोक पाडलं आणि लांब दांड्याचं जाळं तळाला नेलं. मादीने जराही धडपड केली नाही. झोपलेलं पोर उचलावं तशी ती वर आली, जड आणि सैल.

तेवढ्यात मागच्या दारात मित्सुए उभी राहिली. अंगावर रजई, छातीशी रडणारी सायो.

"आत जा, वारा लागेल," मी म्हणालो.

"थांबा ना बाबा. आमच्याकडे मासा असा मुकाट्याने नेत नाहीत." ती तळ्याकडे तोंड करून वाकली. "तुमच्यातली एक नेते हं. माझ्या लेकीसाठी. परत करीन."

शिमेताईच्या हातातला डाव खाली पडला. "काय बोललीस?"

"आमच्याकडची रीत आहे, आजी. पहिला मासा काढला की समुद्राला सांगायचं, परत करीन. मग खाऊन झालं की डोकं पाण्यात सोडायचं."

"तुमचा समुद्र गेला खड्ड्यात. इथे बाईने तो शब्द तोंडातून काढायचा नसतो. कडेवर पोर असताना तर नाहीच नाही."

मित्सुए माझ्याकडे बघायला लागली. मी मान फिरवली. बाळंतिणीला काय सांगणार? दुष्काळाच्या काळात, पोसता येणार नाही असं पोर जन्माला आलं की सुईण आईला विचारायची, ठेवायचं की परत करायचं. परत करायचं म्हटलं की ती पोर घेऊन मागच्या दाराने जायची आणि रिकाम्या हाताने यायची. आमच्या गावात प्रत्येक घराच्या मागच्या दाराला आमच्यासारखंच तळं आहे. पण ही आजीच्या आजीच्या वेळची गोष्ट.

"शिमेताई, तळ्याला कान असते तर माझ्या शिव्या ऐकून ते कधीच आटलं असतं," मी म्हणालो, आणि मासा कापायला घेतला.

शिमेताई हसली नाही. तिने डाव उचलून पुसला आणि रस्सा मात्र नीट मन लावून केला.

३

दूध उतरलं. इतकं उतरलं की मित्सुएचे कपडे ओले व्हायला लागले आणि तिला तिची जीभ परत मिळाली. "बाबा, बादली पावली," ती म्हणाली. सायो प्यायची, झोपायची, आणि जागी झाली की पुन्हा घर डोक्यावर घ्यायची. मी तोक्योला कळवायचं ठरवून मोकळा झालो. मला वाटलं, आता आपण सुटलो.

दुसऱ्या सकाळी किटली घेऊन गेलो तर भोक उघडंच होतं.

गोल, गुळगुळीत काठांचं, किटलीच्या बुडाएवढं. काठाला टवका नव्हता, चीर नव्हती. रात्रभर इतका गारठा पडला होता की मोरीतला फडका लाकडासारखा ताठ झाला होता. मी हातातल्या किटलीकडे बघितलं. ती आत्ताच चुलीवरून उतरवली होती.

विचार केला तर उत्तर सापडतंच. बाळंतिणीच्या आंघोळीचं गरम पाणी पाटातून तळ्यात जात होतं. तेवढ्याने एका जागी बर्फ धरला नसेल. मी स्वतःला तसं समजावलं आणि भोकात डोकावलो.

सगळे कोई वर आले होते. भर हिवाळ्यात. ते भोकाखाली एकमेकांना चिकटून उभे होते, तोंडं पाण्याबाहेर, आणि ती तोंडं उघडत होती, मिटत होती. आवाज काहीच नव्हता. मी खिशातला भाताचा गोळा चुरून टाकला. एकानेही तोंड लावलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडे बघतच नाहीयेत. मी काठावर या बाजूला सरकलो, त्या बाजूला सरकलो, तरी त्यांची तोंडं एकाच दिशेला. त्या दिशेला आमचं मागचं दार होतं, आणि दाराआड सायो रडत होती.

ती रडायची थांबली की तोंडं मिटायची. पुन्हा रडली की उघडायची.

माशांना ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे. ताटली वाजवली की उन्हाळ्यात ते गोळा होतातच. त्यात नवल ते काय, असं म्हणून मी उठलो, पण त्या दिवशी पाठ फिरवून चालणं मला जमलं नाही. दारापर्यंत मी मागे मागे सरकत आलो.

४

बगळा येईनासा झाला. येईनासा म्हणजे, तो समोरच्या पर्सिमनच्या झाडावर बसलेला असायचा, पण तळ्याकडे पाठ करून. एवढे मासे वर तरंगताहेत, मी दोऱ्या सैल करून पाहिल्या, तरी बेटा मान वळवायला तयार नाही. कोल्ह्याचे ठसे हिमात कुंपणापर्यंत आलेले दिसले. तिथे तो थांबला होता, बसला होता, आणि मग आपल्याच ठशांत पाय टाकत मागे गेला होता. चोरांनी चोरी सोडावी यात राखणदाराला आनंद व्हायला हवा. मला तो झाला नाही.

त्यानंतरची दुपार. ऊन पडलं होतं, हिम डोळ्यांना खुपत होतं. मी छपरावर चढून हिम खाली ढकलत होतो. खालून सायोचं रडणं ऐकू येत होतं, ती घोगरी किंकाळी आणि शेवटची उचकी. मग एका उचकीच्या आधीच ते थांबलं. कोणी तोंडावर हात ठेवावा तसं थांबलं.

मला बरं वाटलं. खोटं का बोलू? चला, झोपली एकदाची, असं म्हणून मी आणखी थोडा वेळ फावडं चालवलं.

खाली आलो तर मागचं दार वीतभर उघडं होतं. स्वयंपाकघराच्या फळ्या ओल्या होत्या, आणि ओल आतल्या खोलीपर्यंत गेली होती. आत मित्सुए भिंतीला टेकून गाढ झोपली होती, झगा पुढून उघडा. सायो तिच्या मांडीत होती आणि दूध पीत होती. सगळं जागच्या जागी. मी श्वास सोडला, मित्सुएवर रजई ओढली आणि फडका घेऊन फळ्या पुसल्या. पाण्याला तळातल्या चिखलाचा वास होता.

बाहेर, दारापासून तळ्याच्या भोकापर्यंत, हिमावर घसरल्याच्या खुणा होत्या. ओलं पोतं ओढावं तशा, आणि त्या गोठून चकचकीत झालेल्या. दोन होत्या, एकमेकींना लागून. एक येतानाची असणार आणि एक जातानाची.

छपरावरून मी ढकललेल्या हिमाचे लोंढे, असं मी म्हटलं. पण हिम मी पुढच्या अंगणात ढकललं होतं.

५

त्या दिवसापासून मी तळं राखायचं सोडून घर राखायला लागलो. दोऱ्या काढल्या आणि मागच्या दारावर आडव्या-उभ्या बांधल्या. बांबूचं कुंपण उपटून दारासमोर रोवलं. रिकामी ताटली दोरीला लटकवली, कोणी शिवलं तर वाजावी म्हणून. मनात एकच होतं. तळ्याला पोर हवं आहे. मी म्हातारा असेन, वेडा झालो असेन, पण मी असेपर्यंत कोणी आत येणार नाही आणि पोरीला नेणार नाही.

मित्सुए हसायची. "बाबा, इवाओ परत आला तर त्याला घरात कसं घेणार?"

ती खुशीत होती. सायो आता रडत नव्हती. भूक लागली तरी नाही, ओली झाली तरी नाही. पडल्या पडल्या मित्सुएकडे बघायची, तोंड उघडायची, मिटायची, आणि छातीला लावलं की सोडायची नाही. "किती शहाणी झाली बघा," मित्सुए म्हणायची. "आणि ओढते कसली! माझा जीव ओढून घेईल एक दिवस."

शिमेताई बाळाला न्हाऊ घालायला आली. मी स्वयंपाकघरात दोऱ्यांना गाठी मारत होतो, तरी आतलं बोलणं कानावर पडत होतं.

"अंग गार आहे हिचं."

"हिवाळाच आहे ना, आजी."

"झोपते का?"

"पुष्कळ."

"डोळे मिटून?"

"मी बघते तेव्हा जागीच असते. माझ्याकडेच टक लावून असते. आईची माया."

मग शिमेताई हात पुसत बाहेर आली. तिचे हात कापत होते. तिने माझ्या दोऱ्या बघितल्या, कुंपण बघितलं, ताटली बोटाने एकदा वाजवली.

"बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली.

"कसला बैल? सगळे कोई जागेवर आहेत. कोणी काही नेलेलं नाही."

काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं होतं, पण आतून मित्सुए गुणगुणायला लागली आणि शिमेताईने ते मिटलं. पायात पेंढ्याचे जोडे घालताना ती एवढंच म्हणाली, "एक ऐक. काही झालं तरी बर्फावर हात उगारू नकोस. खाली असतात त्यांना लागतं."

"मला शिकवतेस?"

"हो," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती आमच्या घराची पायरी चढली नाही.

६

मी ते भोक झाकून टाकलं होतं. वर फळ्या, फळ्यांवर पेंढा, पेंढ्यावर हिमाचा ढीग. मासे गुदमरले तर गुदमरोत, असं मी ठरवलं होतं. उरलेल्या बर्फावरचं हिम मात्र झाडून ठेवायचो, खाली काय हालतंय ते दिसावं म्हणून.

ऊन लख्ख होतं. मी परसात लाकडं रचत होतो आणि मला रडणं ऐकू आलं.

आधी वाटलं बर्फ तडकतोय. ऊन चढलं की तो असा बारीक आवाज करतो. पण बर्फाला उचकी लागत नाही. घोगरी किंकाळी, शेवटी उचकी. फळ्यांखालून येत होती, पेटीत कोंडलेल्या मांजराच्या पिल्लासारखी दबलेली.

मी धावत आत गेलो. सायो बिछान्यावर होती. गप्प. डोळे उघडे, तोंड उघडत होतं, मिटत होतं. माझं डोकं जागेवर होतं, किंवा मला तसं वाटलं. पोर इथे आहे. मग तिथे रडतंय ते पोर नाही. ते तळ्याचं सोंग आहे. दारं बंद केली म्हणून आता आईला बाहेर बोलावतंय. सगळं लख्ख समजल्यासारखं झालं. मी परत परसात आलो.

"बाबा," मित्सुए दोऱ्या बाजूला सारून दारात उभी होती. "कोण रडतंय?"

"कोणी नाही. बर्फ आहे."

"बर्फ नाही तो." तिचा चेहरा उतरला होता. तिने एक पाऊल बाहेर टाकलं, अनवाणी, हिमात. तेव्हा मी तिच्या झग्याकडे पाहिलं. पुढची बाजू भिजत होती. मी बघत असताना ओल पसरत गेली आणि दूध कापडातून टपटप खाली पडायला लागलं. आतल्या पोरीने आत्ताच छाती रिकामी केली होती. "मला कळत नाही काय होतंय," ती म्हणाली. "बाबा, तो आवाज ऐकला आणि दूध थांबतच नाही. मला बघू द्या ना. एकदा बघू द्या."

मी तिला खांद्याला धरून आत ढकललं. जोरात ढकललं, ती पडली. बाहेरून कडी लावली. ती आतून दार ठोकत होती आणि खालून ते रडणं वाढत होतं, दोघी एकमेकींना हाका मारत असल्यासारख्या. हे सहन करणं कोणाला जमलं असतं? भिंतीला पेंढा कुटायचा लाकडी मोगर टेकवलेला होता. तो मी उचलला, तळ्यावर गेलो आणि दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन बर्फावर हाणला.

रडणं थांबलं. उचकीच्या आधीच.

बर्फ फुटला नाही. नुसती एक पांढरी चीर काठापर्यंत धावली. मग खालून मासे येऊ लागले. एकेक करून, हळू, पोटं वर. काचेला चिकटावेत तसे ते बर्फाला खालून चिकटत गेले. मी मोगर धरून उभा होतो आणि मला आनंद झाला होता, हेही लिहायलाच हवं. मेले, सुटलो, असं मी मोठ्याने म्हणालो.

त्यांच्यामधून आणखी काहीतरी वर आलं. फिकट, माशाहून आखूड. ते माझ्या पायाखालीच बर्फाला येऊन टेकलं, अगदी हळू. मला दिसला तो एक तळवा. पायाचा. पाचही बोटं बर्फावर दाबली गेली होती, वाटाण्याएवढी. मग ते कलंडलं आणि पेंढ्याच्या जुड्यांखाली सरकलं.

माशाला तळवा नसतो. मी किती वेळ तिथे गुडघ्यांवर बसून हेच म्हणत होतो, मला आठवत नाही.

दार उघडलं तेव्हा मित्सुए सायोला मांडीवर घेऊन बसली होती. कपाळाला खोक पडली होती. पण ती शांत झाली होती, थकून हसत होती. "केवढ्याने हाणलंत, बाबा. ही बघा, दचकलीसुद्धा नाही." मग झग्याच्या ओल्या कापडाला हात लावून ती म्हणाली, "गंमत बघा. तुम्ही हाणलंत आणि दूध एकदम थांबलं."

मी दुपटं उलगडून पोरीचे पाय पाहिले. दोन्ही होते, गार होते. चला, म्हणजे मला भास झाला, असं मी स्वतःला सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. पापणी लवली नाही.

७

हिम वितळलं, घाट उघडला, इवाओ आला. त्याने लेकीला वर उडवलं, झेललं, आणि ती माझ्या बायकोसारखी दिसते असं जाहीर केलं. शहरातल्या डॉक्टरने पोरीचा गळा तपासला आणि सांगितलं, काही मुलांचा कंठ उशिरा फुटतो, वजन उत्तम आहे, काळजी नको.

"तळं एका हिवाळ्यात कसं मारलंत, बाबा?" इवाओ म्हणाला. "मला तर बर्फाकडे रागाने बघूही देत नव्हतात."

"म्हातारपण. हात सुटला."

मेलेले मासे त्याने शेतात पुरले. तळं उपसून साफ करायला तो निघाला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो. बोलण्यात हरलो, तेव्हा रडलो. शेवटी तो वैतागून म्हणाला, करा काय करायचं ते. मी पाट दुसरीकडे वळवला आणि ते भरलेलं तळं तसंच मातीने बुजवलं. उपसायची माझी छाती नव्हती. पेंढ्याच्या जुड्यांचा कोपरा मी हाताने बुजवला, फावडं न लावता.

मग सायोचं उष्टावण आलं. नव्या वाट्या, तांबडा भात, आणि मधोमध अख्खा मासा, डोक्याशेपटासकट. पोराच्या ओठांना घास नुसता टेकवायचा, आयुष्यभर अन्न कमी पडत नाही. मुलगी असली की गावातल्या वयस्कर बाईने भरवायचं. शिमेताईला बोलावणं गेलं होतं. पाय दुखतात असा तिचा निरोप आला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात वयस्कर असा मीच होतो.

मित्सुएने सायोला माझ्यासमोर धरलं. इवाओने वरच्या आळीतून आणलेला कोई शिजवला होता, सोया-साखरेत, चकचकीत, डोळा पांढरा झालेला. मी जेवायच्या काड्यांनी त्याच्या पोटाचा तुकडा तोडला आणि पुढे नेला.

सायोने तुकड्याकडे बघितलं नाही. तिने ताटातल्या माशाकडे बघितलं. बराच वेळ, डोळे न मिटता. मग तिचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि त्यातून आवाज आला.

ती रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. भुकेलं पोर कसं रडतं ते मला कळतं, दुखऱ्या पोराचंही कळतं. हे तसं नव्हतं. स्मशानात, ओळखीचा चेहरा पाहून माणूस जसा फुटतो, तशी ती फुटली. दोन्ही हात ताटाकडे पसरून.

"रडली!" इवाओने टाळी वाजवली. मित्सुएच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, पोरीच्या केसांवर गाल घासत होती. "रडली हो माझी बाय. ऐका बाबा, केवढा आवाज आहे. आणि तुम्ही थांबलात का? लावा, लावा तोंडाला."

माझ्या हातात काड्या होत्या. माझं नातवंड मातीखाली होतं, आणि समोरचं हे कोणाचं तरी लेकरू माझ्याकडे बघत होतं, घास नको म्हणून मान फिरवत होतं. सगळं घर आनंदाने वाट पाहत होतं.

मी तो तुकडा तिच्या ओठांना लावला.